गो शिकताना रिसीव्हरवरचा स्टार: व्हॅल्यू की पॉइंटर?

देवगडला मामाकडे हापूसचा सीझन सुरू होता आणि मी तेव्हा नुकतीच गो लँग्वेज शिकायला घेतलेली, म्हणून सरावाला पेट्यांच्या हिशोबाचाच प्रोग्राम लिहिला. बाग नावाचं स्ट्रक्ट (संबंधित माहिती एकत्र ठेवणारा टाइप), त्यात पेट्यांचा आकडा, आणि आकडा वाढवायची एक मेथड (टाइपला जोडलेलं फंक्शन). वाशीला 40 पेट्या गेल्या, मी एंट्री मारली, मामा स्क्रीन बघून म्हणाला, "गाडी गेली मा? मगे हय शून्य कित्याक दिसता?"

एरर काहीच नाही. मेथडच्या आत प्रिंट केलं तर 40, बाहेर आलं की 0. दोन रात्री गेल्या यात. रिसीव्हरच्या, म्हणजे मेथड ज्या व्हॅल्यूवर कॉल होते तिच्या, टाइपआधी स्टार (*) नव्हता, एवढंच.

गो मधे मेथडला व्हॅल्यू दिली की तिची कॉपी जाते. सातबाऱ्याची झेरॉक्स काढून तिच्यावर पेनाने नाव बदललं तर तलाठ्याकडे काही बदलतं का, तसंच हे. स्टार लावला की मूळ व्हॅल्यूचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, जातो आणि बदल मूळ जागी होतो.

आता जिथे नवीन मुलं खरी अडकतात ते. साध्या व्हेरिएबलवर पॉइंटरवाली मेथड कॉल केली तर कंपायलर स्वतःच पत्ता घेतो, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळीकडे चालेल, पण मॅपमधे (की देऊन व्हॅल्यू काढायची ती रचना) ठेवलेल्या स्ट्रक्टवर तीच मेथड कॉल करा, कंपाइलच होणार नाही, कारण मॅपमधल्या व्हॅल्यूचा पत्ता घेता येत नाही. मॅपमधे पॉइंटरच ठेवायचे. इंटरफेसचंही (टाइपकडे कोणत्या मेथड्स हव्यात त्याची यादी) तसंच, मेथड पॉइंटर रिसीव्हरची असेल तर नुसती व्हॅल्यू त्या इंटरफेसमधे बसत नाही, पॉइंटर द्यावा लागतो.

स्लाइस (लांबी वाढवता येणारी यादी) तर अजून फसवी, व्हॅल्यू रिसीव्हरमधून आधीचा एलिमेंट बदलला तर बाहेर दिसतो पण अपेंड केलेला दिसत नाही, कारण कॉपी होते ती फक्त पॉइंटर, लेंग्थ आणि कपॅसिटीची.

माझं मत विचाराल तर स्ट्रक्ट बदलायचं असेल, मोठं असेल किंवा आत म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) असेल तर डोळे मिटून पॉइंटर घ्या (म्युटेक्सची कॉपी झाली तर गो व्हेट हे गो सोबत येणारं तपासणीचं टूल सांगतं, ते रोज चालवा). आणि एका टाइपच्या मेथड्स शक्यतो एकाच प्रकारच्या ठेवा, अर्ध्या अशा अर्ध्या तशा नकोत.

स्टार लावूनही आकडा बदलत नसेल तर यादीवरून फिरणारा रेंजचा लूप बघा, तिथलं व्हेरिएबलही कॉपीच असतं, इंडेक्सने कॉल करा.