सिनिगांग: आंबटपणा शेवटी, पण दणकून

फिलिपिनो घरात रात्री सगळे एकत्र जेवायला बसणार असतील तर सिनिगांग म्हणजे आंबट सूप हमखास असतं, आणि ते करताना एकच गोष्ट धरून ठेवा, आंबट शेवटी घालायचं. चिंच आधी घातली की भाज्या लवकर शिजतच नाहीत, अळकुड्या तर दडदडीत राहतात.

पाच-सहा जणांना 1 किलो पोर्क घ्या, थोडी चरबी आणि हाडं असलेलं, नुसतं मऊ मांस घेतलं तर रस्सा पांचट होतो. पाण्याऐवजी तांदळाचं दुसरं धुवण घ्या, साधारण 2 लिटर, तिकडे त्याला हुगास बिगास म्हणतात आणि त्याने रश्श्याला थोडा दाटपणा येतो. त्यात मांस, एक मोठा कांदा, दोन टोमॅटो टाकून उकळी आली की वर राखाडी फेस येतो तो काढत राहा, कंटाळा करू नका कारण रस्सा स्वच्छ राहतो तो इथेच. मग मंद आचेवर तास-सव्वा तास.

तोवर चिंच. सांपालोक म्हणजे आपली चिंचच, पण गाभुळलेली किंवा पिकलेली नको, हिरवी कच्ची, पाव किलो. वेगळ्या पाण्यात उकळा, सालं फुटली की चमच्याने चेचा आणि गाळून घ्या, जो फिकट घट्टसर कोळ येतो तोच जीव आहे या सूपचा. तिकडे पाकिटातली पावडरही सर्रास वापरतात, त्यात काही चूक नाही, फक्त तिच्यात मीठ असतं म्हणून पातीस म्हणजे फिश सॉस जपून घाला. काही जण चिंचेऐवजी बिलिंबी हे आंबट फळ किंवा पेरू घालूनही करतात, पेरूवालं जरा गोडसर लागतं.

मांस मऊ झालं की अळकुड्या, त्या बोटाने दाबल्या जायला लागल्या की मुळ्याच्या चकत्या, मग चवळीच्या लांब शेंगा, वांगं, भेंडी आणि दोन लांब हिरव्या मिरच्या अख्ख्या. तिखट हवं असेल तर एक मिरची रश्श्यात फोडा. भाज्या होत आल्या की चिंचेचा कोळ एकदम न ओतता पळीपळीने घाला आणि दर वेळी चाखा, पहिल्या घोटाला डोळे बारीक व्हायला हवेत एवढं आंबट, कारण हे भातासोबत खायचंय आणि भात बराच आंबटपणा खाऊन टाकतो. मग पातीस, आणि गॅस बंद करून कांगकोंग या पालेभाजीची पानं, झाकण ठेवा, दोन मिनिटांत वाफेवर होतात.

कोळंबीचं करायचं तर उलटं, आधी भाज्या, त्या होत आल्या की चिंच, आणि कोळंबी सगळ्यात शेवटी तीन-चार मिनिटं, नाहीतर रबर होते.

वाढताना गरम भात, आणि छोट्या वाटीत पातीसमध्ये चेचलेली मिरची, मांसाचा तुकडा त्यात बुडवून खायचा.