कुंडीतला कढीपत्ता आणि कोथिंबीर टिकत नाही? या चुका टाळा

कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली की घरातला प्रत्येक जण एकच उपाय सांगतो: पाणी कमी पडतंय, अजून घाल. नातेवाइकांकडच्या, शेजारपाजारच्या जितक्या मेलेल्या कुंड्या मी उकरून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींची माती ओलीच होती. रोपं तहानेनं मेली नव्हती, मुळं कुजून मेली होती.

ठाण्याला माझ्या नणंदेच्या ग्रिलमध्ये कढीपत्ता होता, भेट आलेल्या पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या कुंडीत. "अगं, रोज न चुकता तांब्याभर पाणी घालते, परवा खतही दिलं, तरी माना टाकतोय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "ताई, कुंडीला भोक कुठंय?" भोक नव्हतंच. बाल्कनीत पेपर पसरून कुंडी उपडी केली, तर गटारासारखा वास. रोपवाटिकेची काळी पिशवीसुद्धा मुळांभोवती तशीच होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. कुजलेलं मूळ असंच ओळखायचं. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. सडलेलं सगळं कात्रीनं छाटलं, पिशवी काढली, साध्या दहा इंची मातीच्या कुंडीत रोप लावलं आणि शेंडेही निम्मे छाटले, कारण उरलेल्या मुळांना एवढी पानं पोसवणार नव्हती. नवी पालवी येईपर्यंत खत बंद, कडक ऊनही बंद. दीडेक महिन्यानं पालवी फुटली.

म्हणून पाण्याचं वेळापत्रक नको. बोट दोन पेरं मातीत घालायचं. माती बोटाला चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी लागली तर खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं. वरवर शिंपडलेलं पाणी मुळापर्यंत पोचत नाही. मे महिन्यात लहान कुंडीला दिवसातून दोन वेळा लागेल, मुंबईच्या जुलैत ओळीनं कित्येक दिवस लागणारच नाही. थंडीत कढीपत्त्याची वाढ मंदावते, थोडी पानंही गळतात. तेव्हा घाबरून पाणी वाढवणं हा तर हमखास घात. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी रोज ओतून टाका, कारण मुळं कुजतातच, शिवाय अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

माती घट्ट असली तर भोक असूनही पाणी अडतं. मी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जुनं शेणखत सारख्या मापानं घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसती लाल माती महिन्याभरात विटेसारखी आवळते.

ऊन. उत्तरेकडच्या, समोर टॉवर असलेल्या खिडकीत कढीपत्ता आणि गवती चहा जोमानं वाढणार नाहीत, कोणतंही टॉनिक घाला. चार-पाच तास ऊन नसेल तर पुदिना आणि पानओवा लावा, ते सावरून घेतात.

आता कोथिंबीर. जास्तीत जास्त लोक इथे निराश होतात आणि त्याला घाई कारणीभूत आहे. 'आठवड्यात कोथिंबीर' असं सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला मनापासून राग येतो. धणा उगवायलाच आठ ते पंधरा दिवस घेतो. पाचव्या दिवशी माती उकरून "कोंब आला का" बघितलं की आलेला कोंबही मोडतो. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून लाटणं हलक्या हातानं फिरवायचं, दाणे दुभंगले पाहिजेत, भरड होता कामा नये. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेरायचे. डब्यात तळाशी वर्षभर पडलेले धणे उगवतील या भरवशावर राहू नका. बियाण्याच्या पाकिटातले रंगीत धणे औषध लावलेले असतात, ते फक्त पेरायचे, स्वयंपाकात घ्यायचे नाहीत.

जिथे वाढवायची तिथेच पेरा. सोटमूळ दुखावलं की कोथिंबीर रुसते, लगेच तुऱ्यावर, म्हणजे फुलावर येते. उन्हाळ्यातही तेच: दांडा सरसर वर जातो, पानं शेपूसारखी बारीक होतात, मग कितीही खुडलं तरी पहिली पानं परत येत नाहीत. दिवाळी ते महाशिवरात्र हा तिचा खरा काळ. पावसाळ्यात जोराची सर रोपं आडवी करते, मग ती कुजतात. उपटू नका, बाहेरची पानं कात्रीनं कापा, आणि दोन-तीन कापण्यांनंतर ती संपली हे मान्य करा. मी दर पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुंडीत नवी पेरते. त्यातून पोह्यांवर, आमटीवर भुरभुरण्यापुरती मिळते. वड्यांसाठी बाजारातूनच जुडी आणावी लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पुदिना बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून लावता येतो. त्याला कुंडी मात्र स्वतंत्र द्या, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

चहाचा चोथा दूध-साखरेसकट मातीत टाकू नका, मुंग्या आणि बुरशी येते. धुऊन, वाळवून टाका. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, मिठाचं कधीही नाही.

कढीपत्त्याची सुटी पानं ओरबाडू नका. शेंड्याकडून अख्खी डहाळी खुडा, खालून फुटवे येतात. रोप हातभर होईपर्यंत मात्र फोडणीसाठी बाजाराचाच वापरा. कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर साबणाच्या पातळ पाण्यानं बोटांनीच पुसून काढा, आणि सगळी पानं उलटून बघा, कारण तो खालच्या बाजूनं सुरू होतो.