दिवाळीनंतरच्या कबड्डीसाठी गुडघ्यांची तयारी

गणपती गेले की पोरी विचारायला लागतात, ताई सराव कधीपासून, आणि दरवर्षी आपण म्हणतो भातकापणी उरकू दे मग बघू, मग दिवाळी येते, पहिली स्पर्धा आठ दिवसांवर येते आणि आपण सरळ पकडी घ्यायला सुरुवात करतो. यंदा असं नका करू. गुडघ्यातल्या लिगामेंटची, सगळे जिला एसीएल म्हणतात तिची, काळजी आठ दिवसांत घेऊन होत नाही, निदान सहा-आठ आठवडे हातात पाहिजेत, म्हणून विसर्जनानंतरचा पहिला रविवार हीच सुरुवात धरा. पाऊस असणार, मैदानात चिखल असणार, पण याला मैदान लागतच नाही. देवळाचा सभामंडप किंवा शाळेची पडवी पुरते, फरशी तेवढी कोरडी बघा.

ही एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारी दोरी, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघा पिळवटू देत नाही. लोकांना वाटतं ती कुणीतरी अंगावर आलं की तुटते. पुष्कळदा कुणी हातसुद्धा लावलेला नसतो, पळता पळता गचकन थांबताना, वळताना किंवा उडी मारून एका पायावर उतरताना ती जाते. माझी तशीच गेली, चढाई संपवून मध्यरेषेकडे वळले, पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं, कट्ट असा आवाज मला आतून ऐकू आला. सगळे म्हणाले लचकलाय, तेल लावून चोळलं, तीन आठवड्यांनी परत उतरले आणि गुडघ्यातली गादीपण फाटून घेतली. मुलींमध्ये हे मुलांच्या दोन ते आठ पट जास्त होतं असं वेगवेगळ्या खेळांच्या अभ्यासांत दिसलंय, म्हणून मुलींचा संघ असेल तर खाली सांगितलेलं टाळूच नका. कबड्डीत थाय होल्ड म्हणजे मांडी धरून पकड असते, डॅश म्हणजे अंगाने धक्का देणं असतं, त्यामुळे सगळंच टाळता येणार नाही हे मलाही माहितीये, पण विना धक्क्याच्या दुखापती तरी आपल्या हातात आहेत.

पहिल्या दिवशी व्यायाम नको, व्हिडिओ घ्या. खळ्यात दोन चिरे एकावर एक ठेवा, फूटभर उंची झाली, त्यावरून प्रत्येकीला खाली उतरायला लावा आणि उतरल्या उतरल्या जमेल तेवढी उंच उडी मारायला सांगा. मोबाईल समोर, गुडघ्याच्या उंचीवर धरायचा आणि स्लो मोशनमध्ये बघायचं. ज्यांचे गुडघे उतरताना एकमेकांकडे झुकतात, त्यांची नावं वहीत वर लिहा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे, कंबर खाली गेली पाहिजे. आणि आवाज ऐका. धप्प आवाज आला म्हणजे सगळा भार ताठ पायावर पडला, मांजरासारखी उतरली तर गुडघा, खुबा, घोटा सगळे मिळून भार झेलतायत. आमच्याकडची एक चौदा वर्षांची पोर पहिल्या दिवशी इतक्या जोरात उतरायची की सभामंडपातली समई थरथरायची, तिला मी इतकंच सांगितलं, समई हलता कामा नये. पंधरा दिवसांत फरक दिसला.

व्यायाम नवीन शोधत बसू नका, फुटबॉलवाल्यांचा फिफा ११ प्लस नावाचा दुखापती टाळायचा कार्यक्रम तयार आहे, २० मिनिटांचा, १५ व्यायाम, आठवड्यातून कमीत कमी दोनदा, सरावाच्या आधी वॉर्मअप म्हणूनच करायचा. त्याला बॉल जवळजवळ लागतच नाही, कबड्डीला चालतो. आधी ८ मिनिटं हळू धावणं, त्यात खुबा बाहेर फिरवणं, आत फिरवणं, जोडीदाराभोवती आडवं फिरणं, उडी मारून खांद्याला खांदा लावणं. मग १० मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची २ मिनिटं वेगात धावून दिशा बदलणं. नॉर्वेतल्या शाळकरी वयाच्या फुटबॉलपटू मुलींवर हा करून बघितला, २००८ ला त्याचा अभ्यास छापून आला, दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी निघाल्या, आणि जे संघ नेमाने करत होते त्यांना जास्त फायदा झाला. याच्या आधीची एक सोपी आवृत्ती होती, तिच्या अभ्यासात मात्र फरकच दिसला नव्हता, कारण बऱ्याच संघांनी ती धड केलीच नव्हती. म्हणून हजेरीची वही ठेवा, आणि ती कॅप्टनकडे द्या, शिकवणाऱ्याकडे नको.

त्या १५ मधला एक व्यायाम पोरींना अजिबात आवडत नाही आणि तोच चुकवायचा नाही. गुडघ्यांवर बसायचं, खाली दुमडलेलं गोणपाट घ्या, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे आणि अंग खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकत जायचं, शेवटी हातांवर पडायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, नंतर वाढवत न्या. याने मांडीच्या मागचा स्नायू तयार होतो आणि तोच स्नायू नडगीला मागे ओढून धरतो, म्हणजे एसीएलचा सख्खा भाऊच म्हणा. दुसऱ्या दिवशी पाय खूप दुखतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा नाहीतर निम्म्या पोरी येणार नाहीत. एका पायावर उभं राहणं, दोन्ही बाजूंना ३० सेकंद दोनदा, ते वाटतं तेवढं सोपं नाही, जोडीदाराने हलकेच ढकलायला लागलं की कळतं.

कापणी झाली आणि मैदान सुकलं की वळणं शिकवा. मध्यरेषेकडे परतताना एका लांब ढांगेत थांबायचं नाही, दोन-तीन छोटी पावलं टाकून वेग मारायचा, गुडघा वाकलेला, कंबर खाली, मग वळायचं. अँकल होल्ड लागला, म्हणजे कुणी घोटा धरला, की पाय अडकलेला असताना अंग पिळून सुटायचा प्रयत्न करू नका, सरळ पुढे रेषेकडे झेपावा. हे सांगून होत नाही, हळू वेगात शंभरदा करून घ्यावं लागतं. समुद्रावर पळायला न्यायचं असेल तर न्या, ओल्या घट्ट वाळूत, पण किनारा एका बाजूला उतरता असतो म्हणून जेवढं जाल तेवढंच परत या. वळणं मात्र वाळूत नको.

मैदानाचं थोडक्यात सांगते. माती चाळून घ्या, जांभ्याचे खडे वेचून काढा, खड्डे भरा, पाणी मारून रोलर फिरवा. मॅट असेल तर जोड उघडे नाहीत ना ते प्रत्येक मॅचआधी हात फिरवून बघा. नी कॅप घातली म्हणून लिगामेंट वाचत नाही, तो पैसा मॅटवरच्या चांगल्या शूजला ठेवा.

आता रात्रीच्या स्पर्धा. आपल्याकडे सातची मॅच साडेअकराला लागते, तोवर पोरी खुर्च्यांवर शाली घेऊन बसलेल्या, आणि नाव पुकारलं की तशाच गार अंगाने आत. यासाठी एक माणूस नेमून ठेवा जो आधीची मॅच मध्यंतराला आली की पोरींना उठवेल. मॅचआधी पूर्ण २० मिनिटं नको, धावण्याचे पहिला आणि शेवटचा हे दोनच भाग करा, दहा मिनिटं. राखीव खेळाडूंनाही करायला लावा, त्या तर आणखी उशिरा आत जातात.

एवढं करूनही कुणाचा गुडघा गेलाच तर काय हे आधी ठरवून ठेवा. कट्ट आवाज आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला म्हणजे एसीएलचा संशय धरायचाच. खेळ तिथेच बंद, चालत दाखव म्हणायचं नाही, चोळायचं नाही, ओढून बसवायचं नाही. बर्फ बंदरावर मासळीवाल्यांकडे मिळतो, स्पर्धेच्या दिवशी एक पिशवी सांगून ठेवा, टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या. गाडी कुणाची, सोबत कोण जाणार, घरी फोन कोण करणार, तीन नावं वहीच्या पहिल्या पानावर. ऑपरेशन झालंच तर निदान ९ महिने स्पर्धा नाही, मंडळाचा वर्धापनदिन असो की फायनल असो, तिच्या घरच्यांसमोर हे स्पष्ट बोलून घ्या.

आणि सीझन सुरू झाला की हे बंद करू नका, सगळे इथेच चुकतात. नॉर्वेच्या महिला हँडबॉलमध्ये असाच कार्यक्रम करून एसीएलच्या दुखापती कमी झाल्या होत्या, मग लक्ष सुटलं आणि त्या पुन्हा वाढल्या. शिमग्यापर्यंत आठवड्यातून दोनदा, मॅचेस असल्या तरी. मार्गशीर्षात एक रविवार काढून तेच दोन चिरे परत मांडा, तोच मोबाईल त्याच उंचीवर धरा, आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पोरींना स्वतःलाच बघू द्या.