मिरज-सांगलीला गाणं ऐकायला यायचं असेल तर आधी हे वाचा

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, मिरजेला गाणं ऐकायला यायचंय, कधी येऊ, कुठं राहू, तिकीट कुठं मिळेल. आणि मी दरवेळी फोनवर तासभर तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदाचं नीट लिहून काढावं. तर पहिली गोष्ट, तिकीट नसतं. मीरासाहेबांच्या दर्ग्यातली गाण्याची सभा असो की अंबाबाईच्या देवळातली, चप्पल काढायची, आत जायचं, जागा दिसेल तिथं मांडी घालून बसायचं. एवढं साधं आहे, पण तारखा आणि मुक्काम याची तयारी केली नाही तर दोन दिवस फुकट जातात.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. एवढ्याशा शहरात वर्षभर काही ना काही चालू असतं आणि ते सगळं देऊळ, दर्गा, नदीचा घाट आणि नाट्यगृह यांच्या भोवती फिरतं. त्यामुळे एका संध्याकाळचा प्रोग्राम करून परत जायचा प्लॅन करू नका, दोन-तीन दिवस मुक्काम टाका.

आता तारखा. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात. मीरासाहेबांचा उरूस हिजरी महिन्यांवर असतो, म्हणजे इंग्रजी कॅलेंडरवर तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. आमच्या ओळखीतले एक जण मागच्या वर्षीची बातमी वाचून त्याच तारखेचं रिझर्वेशन करून आले, मंडप उतरवून झाला होता, नुसतं दर्शन घेऊन गेले बिचारे. तसं करू नका. नवरात्रातला संगीत महोत्सव आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून, गणपती भाद्रपदात, म्हणजे या दोन्हींसाठी पंचांग बघायचं. फिक्स तारीख एकच, ५ नोव्हेंबर, त्याबद्दल खाली सांगते. आणि कुठल्या दिवशी कोण गाणार ती यादी अगदी आदल्या काही दिवसांत पक्की होते, ती सांगली आवृत्तीच्या पेपरात येते, गावात बोर्ड लागतात. ठरावीक कलाकारासाठीच यायचं असेल तर इथल्या कुणालातरी फोन करून विचारून घ्या, लॉजवाल्याला विचारलं तरी तो सांगतो.

एकच ट्रिप जमणार असेल तर मी उरुसाला या म्हणेन. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा जुन्या मिरजेत आहे आणि त्याच आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, पण मिरज त्यांचं घर झालं. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते वारले, तब्येत बिघडल्यावर गाडीतून उतरले, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणत प्राण सोडला असं सांगतात. तिथून त्यांना मिरजेला आणलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, भीमसेनजी सवाई गंधर्वांचे, आणि हिराबाई बडोदेकर तर खाँसाहेबांची मुलगी, जन्म मिरजेतलाच, १९०५ चा. म्हणजे आपण रेडिओवर लहानपणापासून जे गाणं ऐकत आलो त्यातलं किती गाणं या एका आवारातून निघालंय हे तिथं बसल्यावर कळतं, पुस्तकात वाचून तेवढं कळत नाही.

उरुसाला चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफानं, म्हणजे कबरीवर घालायच्या चादरीनं, सुरुवात होते, आणि हा मान पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. जमलं तर त्या दिवशीच पोचा. हिंदू-मुसलमान सगळेच नारळ, फुलं, पेढे घेऊन रांगेत असतात, पाळणे लागलेले असतात, मिठाईची दुकानं लागलेली असतात, पोरंबाळं हरवायची भीती असते इतकी गर्दी. आणि त्या गर्दीतून आत गेलं की चिंचेच्या झाडाखाली गाणं. खाँसाहेबांच्या स्मृतीची सभा तिथं तीन दिवस चालते आणि कलाकार हजेरी लावायला येतात, बिदागीसाठी कुणी येत नाही. नाव झालेले येतात आणि त्याच्या आधी कुठल्यातरी लहान गावातला एखादा पोरगा वीस मिनिटं भीमपलास राग गाऊन जातो, तेसुद्धा मन लावून ऐका.

कसं ऐकायचं, हेही सांगते कारण ते महत्त्वाचं आहे. लवकर जा. मोठं नाव शेवटी असतं म्हणून लोक दहा वाजता उगवतात आणि मग मागं उभं राहून मोबाईलमध्ये शूटिंग करतात, त्यात काही मजा नाही. संध्याकाळीच जाऊन बसलात तर तंबोरे जुळवतानाच कान तयार व्हायला लागतो. पुढच्या रांगांत इथले जुने जाणकार बसलेले असतात, त्यात मास्तर असतात, दुकानदार असतात, सतारमेकर असतात, त्यांच्या पुढं जाऊन बसू नका, पण त्यांच्या जवळपास नक्की बसा. मी आईबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी एक आजोबा होते, पांढरी टोपी, मांडीवर घडी केलेली शाल, डोळे मिटलेले, आणि गायकानं कोमल निषादावर नुसता एक क्षण जास्त थांबा घेतला तर त्यांचा हात आपोआप वर गेला, तोंडातून आवाजसुद्धा नाही, आणि गाणाऱ्याला तो हात दिसला, त्यानं परत तीच जागा घेतली, या वेळी आणखी हळू. अख्ख्या मांडवात त्या दोघांचंच काहीतरी चाललं होतं आणि आम्ही बाकीचे त्यांच्यामुळे ऐकायला शिकलो. ख्याल चालू असताना उठायचं नाही, उठायचंच झालं तर दोन कलाकारांच्या मध्ये. मोबाईल सायलेंटवर नाही, बंदच करा. बरोबर एक सतरंजी किंवा जाड चादर, अंगावर घ्यायला शाल आणि पाण्याची बाटली असू द्या, फरशीवर चार तास बसून पाय गारठतात. दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी लागते.

नवरात्रातला अंबाबाईच्या देवळातला महोत्सव थोडा वेगळा. तो नऊ रात्री चालतो, कित्येक दशकं चालत आलाय, इथं गायन तर असतंच पण सतार, बासरी, तबला, कधी नृत्य असंही असतं. घरातल्या बायका आरती करून तशाच येऊन बसतात, लहान मुलं आईच्या मांडीवर झोपलेली असतात. ज्यांना शास्त्रीय संगीताची सवय नाही त्यांनी पहिल्यांदा इथं यावं असं माझं मत आहे, कारण कार्यक्रमात बदल असतो आणि कंटाळा आला तर बाहेर येऊन चहा पिऊन परत जाता येतं, कुणी काही म्हणत नाही. नऊच्या नऊ दिवस बाहेरगावच्या माणसाला जमणार नाही, सलग तीन दिवस घ्या, शक्यतो मधले.

मुक्काम मिरजेतच करा. जंक्शन आहे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर सगळीकडून गाड्या येतात, आणि मोठमोठी हॉस्पिटलं असल्यामुळे नातेवाईकांसाठी साधी स्वच्छ लॉज भरपूर आहेत. जुन्या गावात चालत जाता येईल असं बघा. सांगलीत राहिलात तर आठ-दहा किलोमीटरचं अंतर, दिवसा सिटी बस आणि रिक्षा मिळतात, पण रात्री सभा संपल्यावर तारांबळ होते, विशेषतः बायकाच असाल तर परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.

नाटकाची आवड असेल तर नोव्हेंबर. १८४३ साली सांगलीत राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली असं आपण मानतो आणि ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्याचाच. त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, रंगभूमीवरची मोठी मोठी माणसं ते घ्यायला सांगलीत आलीत. समारंभ बघाच, पण मला विचाराल तर त्या सुमाराला हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर असेल तर ती जास्त बघण्यासारखी. अगदी थोड्या पैशात रोज एक नवं नाटक, काम करणारे बँकेत, शाळेत, दुकानात नोकरी करून महिनोन्महिने रात्री तालीम केलेले लोक. त्यातली सगळी नाटकं चांगली नसतात, पण एखादं असं निघतं की आठवडाभर डोक्यातून जात नाही. दुपारी वेळ असेल तर हरिपूरला जाऊन या, कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. श्रावणी सोमवारी तिथं यात्रा भरते.

गणपतीबद्दल थोडक्यात. सांगली संस्थानचा गणपती पाचव्या दिवशी निघतो, राजवाड्यातून घाटाकडं, त्या मिरवणुकीला सगळं सांगली रस्त्यावर. मिरजेत अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि रस्त्यावर मंडळांच्या भल्यामोठ्या स्वागत कमानी असतात, त्या मुद्दाम आदल्या रात्री बघून घ्या, मिरवणुकीच्या गर्दीत मान वर करायलासुद्धा जागा नसते. आणि ऋषिपंचमीला तासगावला जाता आलं तर जाच, तिथल्या गणपतीचा रथ हजारो माणसं दोर धरून ओढतात, पटवर्धनांच्या काळापासूनची रीत आहे. सकाळी लवकर निघा, नंतर गाड्या गावाबाहेरच लावाव्या लागतात. पावसाळ्यात येताना कृष्णेच्या पाण्याची बातमी बघत जा, २०१९ आणि २०२१ चा पूर आम्ही विसरलेलो नाही, आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी किती हे इथं प्रत्येक जण रोज बघतो.

आता दिवसा काय करायचं. सभा रात्रीची असते, मग दिवसा लोक लॉजवर झोपा काढतात आणि सतारमेकर गल्ली राहूनच जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. शिकलगार म्हणजे मूळचे शस्त्रं घडवणारे, धार लावणारे लोक, एकोणिसाव्या शतकात संस्थानच्या आश्रयानं त्यातले काही वाद्यांकडे वळले, फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतात. त्यांच्या वंशातली आणि इतर घरं आजही सतारी-तंबोरे करतायत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं.

सकाळी अकराच्या सुमाराला जा, दारात उभं राहून नमस्कार करून ‘बघू का जरा’ एवढं विचारा. माळ्यावर, भिंतीला, छताला भोपळे टांगलेले दिसतील, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, खायचे नव्हेत, कडू जातीचे, जाड सालीचे, चांगले वाळल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. एक जण भोपळा कापून आतून साफ करत असतो, एक जण दांडीला रंधा मारतो, कोपऱ्यात पोरगा पानाफुलांची नक्षी बसवत असतो. पण थांबायचं ते जवारी लावणाऱ्या, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज गुंजता करणाऱ्या माणसापाशी. तो तंबोरा आडवा मांडीवर घेतो, तारेखालच्या घोडीवर कानस दोन वेळा फिरवतो, फुंकर मारतो, तार छेडतो, ऐकतो. परत कानस. आपल्याला आधी काहीच फरक कळत नाही. मग तो तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी ती तार एकदम उघडते, नुसता टणत्कार होता तिथं गुंजारव सुरू होतो, एका तारेतून दोन-तीन सूर ऐकू यायला लागतात. रात्री गायकाच्या मागं जे तंबोरे वाजतात त्यांचा आवाज असा केलेला असतो.

तिथं मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका, तो कानानं काम करतोय, हात थांबला की विचारा, मग ते भरभरून बोलतात. फोटो विचारून काढा. घ्यायचा असेल तर तयार वाद्य लगेच उचलू नका, दोन-तीन घरं फिरा, तार छेडून ऐका, कोणत्या पट्टीत गाता ते सांगा, बायकांच्या आणि पुरुषांच्या तंबोऱ्याचं माप वेगळं असतं. ऑर्डर दिली तर वेळ लागतो, तो द्या, घाई करून घेतलेला तंबोरा घरी नेल्यावर त्रास देतो. नेताना पेटीतच न्या, तारा सैल करून घ्या, आणि रेल्वेत सीटखाली अजिबात सरकवू नका, वरचा बर्थ घ्या आणि भोपळ्याची बाजू भिंतीकडं ठेवून स्वतः कडेला झोपा. सुताचे चार-पाच धागे जास्तीचे मागून घ्या, ते मिरजेबाहेर चटकन मिळत नाहीत.