जुनी साइडकार टूरिंग बाईकला जोडताय?

आधी बाजू बघा, जिथे वाहतूक डावीकडून चालते तिथे साइडकार डावीकडे लागते आणि उजवीकडून चालते तिथे उजवीकडे, स्वस्तात मिळतेय म्हणून उलटी उचलू नका. साइडकारच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, वेल्डिंगपाशी तडे आहेत का तेही बघा, नवा रंग मारलेला असेल तर जास्तच संशय घ्या.

जोडणी चार ठिकाणी हवी, दोन खाली, दोन वर. बाईकची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिच्यावर थेट क्लॅम्प आवळायचा नाही, सबफ्रेम, म्हणजे जोडणीसाठीचा वेगळा सांगाडा, करून घ्या, इथे कंजूषी नको.

खरी डोकेदुखी अलाइनमेंट, म्हणजे बाईक आणि साइडकार एकमेकांशी नीट जुळवणं. साइडकारचं चाक बाईकच्या मागच्या एक्सलपेक्षा साधारण 20 ते 30 सेंमी पुढे ठेवा. मग सपाट फरशीवर बाईकच्या दोन्ही टायरना एक सरळ पट्टी टेकवा, साइडकारच्या टायरला दुसरी, आणि टेपने मोजा, दोन पट्ट्यांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे 15 ते 25 मिमी कमी यायला पाहिजे, हे टो-इन. बाईक साइडकारपासून बाहेरच्या बाजूला एखाद डिग्री झुकलेली हवी, मोजताना सीटवर कुणाला तरी बसवा. एक सेट केलं की दुसरं हलतं, वैताग येतो, म्हणून बोल्ट आधी ढिलेच ठेवा, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) शेवटी.

पहिली चक्कर रिकाम्या मैदानात, साइडकारमध्ये वाळूची पोती टाकून, कारण साइडकारच्या बाजूला वळलात की तिचं चाक उचलतं. सरळ जाताना गाडी साइडकारकडे ओढत असेल तर बाहेरचा झुकाव थोडा वाढवा. थोडं चालवून झालं की सगळे बोल्ट परत तपासा.