मेलिंग लिस्टवर कोणी ‘स्पॅम’ दाबलं तर काय करायचं

गणपती मंडळ, नाट्यसंस्था, ट्रेकिंगचा ग्रुप, दिवाळी अंक काढणारी मंडळी, मुंबईत अशा कितीतरी लोकांकडे हजार-दोन हजार ईमेलची लिस्ट असते आणि ती सांभाळणारा एखादाच जण असतो, तोही नोकरी करून रात्री बसणारा. मेल गेला की दोघं-तिघं ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबतात आणि मग पहिला विचार हाच येतो की अरे, यांनीच तर नाव दिलं होतं! तो विचार बाजूला ठेवा. समोरच्याला मेल नकोय एवढं कळलं, आता पुढचं काम करा.

सगळ्यात आधी नाव बंद करा, त्याच दिवशी. पण डिलीट करू नका. डिलीट केलं की पुढच्या वेळी कोणीतरी जुनी एक्सेल शीट परत अपलोड करतो आणि तोच माणूस पुन्हा लिस्टवर येतो, आणि दुसऱ्यांदा मेल आला की तो भडकणारच. म्हणून पत्ता ‘अनसबस्क्राइब्ड’ किंवा ‘सप्रेशन’ यादीत ठेवायचा, म्हणजे सिस्टीमच त्याला मेल सोडत नाही. याहू किंवा आउटलुककडून स्पॅमची तक्रार आली की मेलचिंपसारख्या, एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या सर्व्हिस हे आपोआप करतात. स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवत असाल तर याहूचं ‘कम्प्लेंट फीडबॅक लूप’ आणि आउटलुकचा ‘जंक मेल रिपोर्टिंग प्रोग्राम’ या दोन्हीकडे नोंदणी करून घ्या, नाहीतर तक्रार झाली हे तुम्हाला कळणारच नाही.

ज्याने बटण दाबलं त्याला ‘का हो दाबलंत?’ असा मेल अजिबात पाठवायचा नाही. पण कोणी रिप्लाय करून चिडून लिहिलं असेल तर उत्तर जरूर द्या, दोन ओळींचं: ‘माफ करा, तुमचं नाव आजच काढलं आहे. तुमचा पत्ता अमुक महिन्यात अमुक कार्यक्रमाच्या नोंदणीतून आमच्याकडे आला होता.’ एवढंच. खुलासे नकोत आणि ‘पुन्हा विचार करा’ तर नकोच.

आता खरं काम, पत्ता आला कुठून ते शोधणं. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर टेबलावर वही ठेवलेली असते, त्यातलं अक्षर नीट लागलं नाही की मेल भलत्याच माणसाकडे जातो आणि त्याने स्पॅम दाबलं तर त्याचं काय चुकलं? किंवा वर्गणीची पावती पाठवायला म्हणून ईमेल घेतला आणि मग वर्षभर रक्तदान शिबिर, सहल, हळदीकुंकू सगळ्याचे मेल त्यावर सुरू. त्या माणसाने पावतीसाठी पत्ता दिला होता, बाकीच्यासाठी नाही, आणि हा फरक आपण पाळलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कायदा असो वा नसो. (कायदाही आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं.) तर प्रत्येक पत्त्यापुढे दोन रकाने ठेवा, कुठून आला आणि कधी आला. दोन-तीन तक्रारी एकाच ठिकाणच्या निघाल्या तर त्या ठिकाणचे सगळे पत्ते थांबवा. आणि नवीन नावांसाठी डबल ऑप्ट-इन लावा, म्हणजे आधी एक कन्फर्मेशनचा मेल जातो आणि त्यातली लिंक दाबली तरच नाव चढतं, वहीतल्या चुकीच्या अक्षराचाही प्रश्न तिथेच सुटतो.

पुष्कळ लोक स्पॅम दाबतात ते रागाने नाही, तर बाहेर पडायचा रस्ता सापडत नाही म्हणून. मेल मराठीत आणि खाली बारीक करड्या अक्षरात इंग्रजी ‘अनसबस्क्राइब’, ते सत्तरीच्या काकांना दिसणार कसं? वरच, मोठ्या अक्षरात लिहा: ‘हे मेल नको असतील तर इथे दाबा.’ लॉगिन मागू नका, कारण विचारू नका. पाठवणाऱ्याचं नावही तपासा. लोकांनी संस्थेला पत्ता दिलेला असतो आणि मेल येतो सेक्रेटरीच्या नावाने, मग ओळखणार कोण.

जीमेलचं वेगळं आहे. कोणी तक्रार केली ते जीमेल सांगत नाही, फक्त टक्केवारी दाखवतं, तीही ‘पोस्टमास्टर टूल्स’ या मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या त्यांच्या पानावर, आणि लिस्ट छोटी असेल तर तिथे काहीच दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ पासूनचे त्यांचे नियम असे की तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका. म्हणजे दोन हजार मेल इनबॉक्समध्ये पोचले तर दोन तक्रारी ही काठावरची गोष्ट आणि सहा म्हणजे धोका. दिवसाला पाच हजारांच्या वर जीमेलवर पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला हे तपासायच्या सेटिंग) तिन्ही हवेत, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब हवं आणि नाव दोन दिवसांत निघायला हवं. लहान लिस्टवाल्यांनीही हे करून टाकावं, बहुतेक सर्व्हिसमध्ये सेटिंग असतं.

तक्रारी एकदम वाढल्या तर पुढचा मेल सगळ्यांना पाठवूच नका. गेल्या काही महिन्यांत ज्यांनी लिंकवर क्लिक केलंय किंवा रिप्लाय दिलाय अशांनाच पाठवा. किती जणांनी मेल उघडला त्या नुसत्या ‘ओपन’च्या आकड्यावर जाऊ नका, ॲपलचं मेल ॲप माणसाने न उघडताही ओपन दाखवू शकतं. वर्षभर हूं की चूं नाही अशांना एकदाच विचारा, ‘मेल चालू ठेवू का?’ आणि उत्तर नाही आलं तर बंद करा.

एखादा मात्र महिन्याने विचारतो, ‘अहो, हल्ली तुमचे मेल का येत नाहीत?’ त्याच्याकडून चुकून स्पॅम दाबलं गेलेलं असतं. त्याला स्पॅम फोल्डरमधला जुना मेल उघडून ‘स्पॅम नाही’ दाबायला सांगा आणि फॉर्म त्यालाच पुन्हा भरू द्या, तुम्ही परस्पर नाव चढवू नका.