कोपर मोडलेल्या लेकराचा हात सांभाळताना

माझी लेक सहा वर्षांची असताना परसातल्या पेरूवरून पडली आणि डावं कोपर मोडलं. कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाला. या वयातल्या पोरांचं कोपर बहुतेक तिथंच मोडतं. सांगलीहून तशीच मिरजेला नेली, तिथं दोन तारा घालून हाड बसवलं. आज ती चौदाची आहे. ऑपरेशनची भीती सगळ्यांना वाटते, पण खरी कसोटी प्लॅस्टर निघाल्यावर लागते.

प्लॅस्टर असेपर्यंत बोटांवर नजर ठेवा. बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, हळूच सरळ करताना पोर किंचाळलं किंवा औषध देऊनही कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

चौथ्या आठवड्यात तारा आणि प्लॅस्टर दोन्ही निघालं. हात काडीसारखा बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे निघत होते, आणि ती तो पोटाशी धरूनच बसायची. कोपर वाकवलं तर अंगठा खांद्यापासून वीतभर लांब. मी घाबरले, आणि तिथंच चूक झाली. घरच्यांच्या सांगण्यावरून सहाव्या आठवड्यात जवळच्या गावात हात चोळणाऱ्या एकाकडे नेलं. त्यानं तेल लावून कोपर खेचलं. संध्याकाळपर्यंत कोपर सुजून गरम झालं. जेवढं वाकत होतं तेवढंही वाकेना. पुढचे पंधरा दिवस ती कुणाला हात लावू देत नव्हती. ते रडणं अजून माझ्या कानात आहे. डॉक्टरांनी समजावलं, कोपर जोरानं ताणलं की आजूबाजूच्या स्नायूत हाड धरू शकतं, मग सांधा कायमचा आखडतो. म्हणून कळकळीनं सांगते, चोळू नका, खेचू नका, आणि 'हात सरळ होईल' म्हणून भरलेली बादली हातात देऊ नका.

हात पोरानं स्वतःच हलवायचा. मी तिला कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून स्पंज पिळायला द्यायचे. तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचं ते डाव्या हातानंच. भाकरी करायला बसले की पिठाचा एक गोळा तिच्यापुढं. वेणीला दोन्ही हात मागं न्यावे लागतात, ते जमायला फार दिवस लागले. झाड, झोका, सायकल मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, आम्हाला तीन महिने थांबवलं होतं.

रोज मोजू नका, जीव टांगणीला लागतो. दर रविवारी एकदाच. कोपर वाकवून अंगठा आणि खांद्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा. मग दंड टेबलावर टेकवून, तळवा वर करून हात सरळ ठेवायला सांगा, आणि मनगट टेबलापासून किती वर राहतं ते फूटपट्टीनं मोजा. वीतभराची चार बोटं व्हायला आम्हाला दोन महिने लागले, शेवटचं बोट वर्षभरानं गेलं. महिनाभर आकडा हललाच नाही किंवा मागं गेला, तर डॉक्टरांना दाखवा.

हाड जुळलं म्हणून विसरू नका. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडून होते, कोपराकडून थोडीच. त्यामुळं कोपरापाशी हाड वाकडं जुळलं, तर वयाबरोबर ते आपोआप सरळ होत नाही. दोन्ही हात सरळ, तळवे पुढं करून पोराला आरशासमोर उभं करा. एक हात कोपरातून आत किंवा जास्त बाहेर वळलेला दिसला, तर एक्स-रे काढून घ्या. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड मोडलं असेल तर जास्तच जपा. ते कधी कधी जुळत नाही, कोपर हळूहळू बाहेर झुकतं, आणि कितीतरी वर्षांनी करंगळीकडची नस ताणली जाते.

आम्ही दर पाडव्याला आरशासमोर उभं राहतो. मग मी विचारते, "बाळा, करंगळीला मुंग्या येतात का गं? बाटलीचं झाकण उघडताना जोर कमी पडतो का?" ती नाही म्हणते, तरी दोन्ही हातांची बोटं मी एकदा धरून बघते.